अठरापैकी अकरा फलक गेले: आधी मोड बघा

प्रश्न थोडक्यात असा: ‘आम्ही बारा जणांनी पदरमोड करून मावळातल्या एका किल्ल्याच्या वाटेवर गेल्या डिसेंबरात १८ दिशादर्शक फलक लावले. ऑगस्टपर्यंत त्यातले ११ गेले. चार गायब, तीन फलकांवर नावं लिहिली, दोन वाकवले, एक जाळला, एकाचा बाण भलतीकडे फिरवला. लोकांमध्ये एवढी विकृती येते कुठून? पोलिसांत तक्रार करावी का? कॅमेरे लावावेत का? आणि पुन्हा लावायचे तर कसले लावावेत?’ सोबत अकरा फोटो आहेत. गेलेल्या फलकांच्या जागेचेही काढलेत, हे फार बरं केलंत.

मी धंद्याने बोर्डवाला. भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, पत्रा, अँगल आणि फ्लेक्सचं काम. रविवारी डोंगर. बावीसेक वर्षं वाटांवर फलक लावतोय आणि तेवढीच वर्षं मोडलेले फलक पाठीवर मारून खाली आणतोय. तेव्हा ‘विकृती’ हा शब्द जरा बाजूला ठेवू. तुमच्या फोटोंत मला निदान पाच निरनिराळे हात दिसतात. त्यातला एक हात नाहीच, शिंगं आहेत.

फोटो ८ आणि ९ मोठे करून बघा. खांब साधारण साडेतीन फुटांवर चकाकतोय, रंग घासून गेलाय, त्याखाली वाळलेला चिखल आहे आणि नटाच्या टोकाला चार-पाच काळे केस अडकलेत. माणसाने वाकवलेला खांब असा दिसत नाही. माणूस वरून लोंबकळतो किंवा लाथ घालतो, त्यामुळे खांब मध्यातून मुडपतो. तुमचे दोन्ही खांब मुळातून कललेत, काँक्रीटचा गोळा एका बाजूने वर आलाय. म्हशींनी पाठ खाजवली आहे, दुसरं काही नाही. चरायच्या माळावर एकटा उभा खांब म्हणजे त्यांना सणच. आम्ही एका ठिकाणी तीनदा खांब सरळ केला. चौथ्या खेपेला गुराख्याने सुचवल्याप्रमाणे वीस पावलांवर एक जाड, खरखरीत ओंडका पुरला. म्हशी तिकडे गेल्या. ओंडका दोन वर्षांनी मोडला, तो गावानेच बदलला.

फोटो १०, जळालेला. महिना लिहिला नाहीत, पण मागची कारवी काळी पडलीय आणि बुंध्यातून हिरवे कोंब आलेत, म्हणजे उन्हाळ्यातला वणवा. कोणी फलक जाळायला एवढ्या वर चढत नाही. गवत पेटलं, वाऱ्याने आग वर आली, फलक मध्ये सापडला. तुम्ही एसीपी शीट वापरलीय. तिचे दोन्ही पदर ॲल्युमिनियमचे असले तरी मधला गाभा प्लास्टिकचा असतो, तो ओघळतो. फोटोत खालच्या कडेला लोंबतायत ते त्याचेच थेंब. गवताळ सोंडेवर फलक लावायचाच असेल तर जानेवारीत जाऊन भोवतालचं दीड-दोन मीटर गवत विळ्याने कापून ठेवावं लागतं. ते दरवर्षी होणार नसेल तर तिथे दगडच बरा. दगडाकडे येतोच.

आता चार गायब. हे एका जातीचे नाहीत. फोटो १ आणि २ मध्ये काँक्रीट जागेवर आहे आणि त्यातून बोटभर पाइप वर आलाय, कडा सरळ, करवतीने कापलेली. हे भंगार. दोन इंची मीडियम जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप मीटरला पाच किलोच्या आसपास भरतो. तुमचा सात फुटी खांब म्हणजे दहा-अकरा किलो लोखंड, तेही गाडीरस्त्यापासून पंधरा मिनिटांवर. नेणाऱ्याला तुमच्या फलकाशी काही देणंघेणं नाही, शेतातला मोटारीचा पाइप मिळाला असता तर तो नेला असता. गाडीरस्त्यापासून अर्ध्या तासाच्या आत लोखंड लावूच नका, हा माझा पैसे मोजून शिकलेला नियम आहे.

फोटो ३ आणि ४ मात्र मला आवडले. चौकट तशीच आहे, फक्त फ्लेक्स गेलाय, आणि चारही कडांना ब्लेडने काढलेली सरळ पट्टी उरलीय. ज्याला राग असतो तो फ्लेक्स उभा-आडवा फाडतो. इतकं जपून कापतो तो ज्याला कापड हवं असतं. हे मृगाच्या तोंडावर गेले असणार. पेंढा झाकायला, गोवऱ्या झाकायला, गोठ्याच्या कौलाखाली घालायला फ्लेक्ससारखी दुसरी वस्तू नाही.

एकदा असाच गेलेला फलक शोधत पायथ्याच्या वाडीत हिंडत होतो. एका घरामागे कोंबड्यांचं खुराडं, त्याच्या छपरावर माझीच अक्षरं: ‘पाण्याचं टाकं, २०० मीटर’. बाण नेमका कोंबड्यांच्या पाण्याच्या वाडग्याकडे. मी काही बोलणार तेवढ्यात घरातल्या आजी म्हणाल्या, “कागद लय चांगला हाय लेका, थेंब येत न्हाई आत. आजून हाय का?” आता याला मोडतोड म्हणायचं का? मी चहा पिऊन परत आलो. पुढच्या मे महिन्यात वर्कशॉपमधले चुकीच्या छपाईचे आणि रद्द झालेल्या वाढदिवसांचे फ्लेक्स गुंडाळी करून त्या वाडीत पोचवले. तेव्हापासून दर मे महिन्यात ही गुंडाळी जाते. वाटेवरचा फ्लेक्स त्या बाजूला पुन्हा कापलेला दिसला नाही. दोन-चार छपरांवर भावी नगरसेवक हात जोडून उभे आहेत एवढंच.

फोटो ५, ६, ७. नावं. हे खरं विद्रूपीकरण आणि इथे तुमचा राग रास्त आहे. दोन फलकांवर मार्कर, एकावर किल्लीने किंवा टोकदार दगडाने ओरखडे. पण फोटो ५ नीट बघा. फलक दोन फूट बाय दीड फूट. वरचा तिसरा हिस्सा तुमच्या गटाच्या नावाने आणि बोधचिन्हाने भरलाय, खाली ‘सौजन्य’ म्हणून तीन नावं, मग एका दुकानाचं नाव, आणि या सगळ्यामधून वाट काढत बारीक अक्षरात ‘गडाकडे’ आणि बाण. त्या पोराने काय केलं? तुम्ही जिथे नावं संपवलीत तिथून पुढे त्याने आपलं आणि तिचं नाव लिहिलं. फलकच त्याला सांगतोय की इथे नावं लिहायची असतात. कडू वाटेल, पण वीस वर्षांत मी हे सारखं बघत आलोय: ज्या फलकावर लावणाऱ्याचं नाव मोठं, त्यावर इतरांची नावंही लवकर येतात. माझ्या पहिल्या पाच वर्षांतल्या फलकांवर माझ्या वर्कशॉपचा फोन नंबर असायचा. त्यावरून एकही ऑर्डर आली नाही. रात्री दोन वाजता ‘काका, आम्ही चुकलोय’ असे फोन मात्र आले.

दुसरं, पहिलं नाव पडलं की ते पुसायला तुम्ही किती दिवसांनी गेलात? हॉलंडमधल्या ग्रोनिंगेन शहरात एक प्रयोग झाला होता, २००८ साली तो प्रसिद्ध झाला. सायकली लावायच्या एका गल्लीत प्रत्येक सायकलच्या हँडलला जाहिरातीचा कागद अडकवला. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी तो कागद जमिनीवर टाकला, भिंतीवर रंगाची गिचमिड केल्यावर ६९ टक्क्यांनी. त्या भिंतीवर ‘इथे रंगवू नये’ अशी पाटी दोन्ही वेळा होती. म्हणजे सूचना होती, पण ती मोडलेली दिसत होती आणि लोकांनी तेच वाचलं. आपल्या वाटांवर वेगळं काही घडत नाही. पहिलं नाव आठ-दहा दिवसांत गेलं तर बहुतेक वेळा दुसरं येत नाही. पावसाळाभर राहिलं तर दिवाळीपर्यंत फलक वाचता येत नाही.

पुसायचं कसं तेही सांगतो, कारण यात लोक फलकाचं आणखी वाटोळं करतात. व्हिनाईलच्या छपाईवर थिनर लावू नका, मार्करबरोबर अक्षरंही सुटतात. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ फडक्याला घेऊन कडेकडून आत पुसा. नवीन पत्रा करताना छपाईवर गाड्यांना मारतात तो टू-पॅक पीयू क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारून घ्या, मग मार्कर दोन मिनिटांत निघतो. किल्लीच्या ओरखड्यावर इलाज नाही, तो पत्रा बदलायचा.

शब्दांबद्दलही एक. फोटो ६ मधल्या फलकावर तुम्ही लिहिलंय, ‘अनेक पर्यटक गडावर नावे कोरून विद्रूपीकरण करतात. असे करू नका.’ पहिलं वाक्य काढा. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये दगड झालेल्या प्राचीन झाडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे येणारे लोक त्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. संशोधकांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवून निरनिराळ्या पाट्या लावून बघितल्या. ‘आधीच्या बऱ्याच लोकांनी लाकूड नेलं, त्यामुळे जंगलाचं रूप बदललं’ असं सांगणाऱ्या पाटीपाशी ७.९२ टक्के तुकडे गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढंच सांगणाऱ्या पाटीपाशी १.६७ टक्के. अनेकजण करतात म्हटलं की वाचणारा म्हणतो, मग मी एकट्यानेच काय घोडं मारलंय.

आता फोटो ११, फिरवलेला बाण. अकरांत खरा धोक्याचा हा एकच. नाव लिहिलेला फलक कुरूप दिसतो, पण वाट बरोबर दाखवतो. फिरलेला बाण माणसाला कड्यावर नेतो. खांडसहून भीमाशंकरला जाताना गणेश घाट आणि शिडी घाट जिथे फुटतात त्या जागेचा विचार करा. पावसात शिडी घाट म्हणजे निसरडा कातळ आणि डुगडुगत्या शिड्या. तिथे बाण नव्वद अंशांनी फिरला तर काय होईल ते सांगायला नको. किंवा हरिश्चंद्रगडाला खिरेश्वरकडून, तोलार खिंडीनंतर, धुकं उतरलं की एका टेकडीसारखी दुसरी टेकडी. तिथे चुकीच्या खुणेपेक्षा खूण नसलेली परवडते, कारण खूण नसली की माणूस निदान थांबतो.

तुमचा बाण एका नटबोल्टावर लटकतोय. एक बोल्ट म्हणजे बिजागरी. पावसाळी वाराही तो फिरवतो, त्यामुळे फिरवलाय की फिरलाय हे फोटोवरून सांगता येत नाही. तिरप्या रेषेत दोन बोल्ट घाला आणि नट आवळल्यावर आट्यावर वेल्डिंगचा टाका मारा. वर वेल्डिंग नेता येत नसेल तर बोल्टचं टोक हातोडीने ठेचा, पाना चालत नाही. शिवाय फाट्यावरच्या बाणावर सगळा भार टाकू नका. फाट्यापुढे बरोबर वाटेवर चाळीस-पन्नास पावलांवर एक लहान खूण ठेवा. बाण फिरला तरी चुकीच्या वाटेने गेलेल्याला ती खूण भेटत नाही आणि तो मागे वळतो. अर्थात अशी खूण पुढे असते हे फाट्यावरच्या फलकावर लिहावं लागतं.

पण कोणी मुद्दाम फिरवला असेल तर? तर त्याला कारण असतं, आणि ते ऐकायला खाली जावं लागतं. आमचा एक बाण एका पावसाळ्यात तीन वेळा उपटला गेला. दर वेळी भातखाचराच्या बांधावर नीट आडवा ठेवलेला. चौथ्यांदा लावायला गेलो तर मालकच भेटला, गुडघाभर चिखलात. “तुमचा बाण माझ्या खाचरावर रोखलाय, दादा. दर ऐतवारी दोनशे बूट माझा बांध तुडिवत्यात. पानी सरळ खाली. उपटू नको तर काय करू?” आम्ही जुन्या नकाशावरची वाट बघून बाण लावला होता. त्या वाटेवर त्याच्या बापाच्या काळात दिवसाला चार माणसं जायची. त्याच्याबरोबर चालून खाचराला वळसा घालणारी वाट ठरवली, साठ-सत्तर पावलं जास्त. खांब त्याने स्वतः पुरला, अजून उभा आहे. फक्त पावसाळ्यात त्यावर तो आपलं इरलं टांगतो आणि बाण झाकला जातो. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

तुमच्या पत्रात गावाचा उल्लेख एकदाही नाही. सरपंच, पोलीस पाटील, वनसमिती, पायथ्याला जेवण देणारी घरं, यांतल्या कोणाला विचारून फलक लावलेत का? वाट दाखवून चार पैसे मिळवणाऱ्या पोराला तुमचा फलक म्हणजे त्याच्या पोटावर पाय. त्याच पोराकडे वर्षाला दोनदा फलक तपासायचं काम मोबदला देऊन सोपवा. आमच्या दोन वाटांवर हे चालू आहे. एका पोराने सोडून दिलं, एक सात वर्षं करतोय.

तक्रारीचं. आधी हे बघा की फलक कोणाचा आणि जागा कोणाची. राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्य पुरातत्त्वाकडे, रायगड, शिवनेरी, लोहगड केंद्राकडे. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खड्डा खणून काँक्रीट ओतणं हाच गुन्हा ठरू शकतो. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून संरक्षित स्मारकाचं नुकसान किंवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई. राज्याच्या स्मारकांना राज्याचा १९६० चा कायदा लागतो. जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून तर अशा हौशी कामाकडे लक्ष जास्तच आहे. वाट वनखात्याच्या जमिनीतून जात असेल तर वनक्षेत्रपालाचं पत्र हवं. हे कागद नसताना पोलीस ठाण्यात गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. मी एकदा गेलो होतो, आणि तसाच विचारला गेला.

सरळ मार्ग असा की फलक ग्रामपंचायतीला द्यायचे आणि तसा ठराव करून घ्यायचा. मग ते गावाचे होतात. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा आहे, राज्याचा मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा आहे, ते तेव्हा उपयोगी पडतात. तरीही माझ्या अनुभवात तक्रारीचा उपयोग एकाच ठिकाणी: धोक्याचा फलक कोणी वारंवार आणि जाणूनबुजून काढत असेल तर. नावं लिहिणारं पोर सापडत नाही, आणि सापडलं तर त्याला रविवारी फडकं देऊन वर नेणं जास्त बरं. कॅमेऱ्याचा नाद सोडा. वनखात्याला विचारल्याशिवाय जंगलात लावता येत नाही आणि भंगारवाल्याला तो पाइपापेक्षा जास्त आवडेल.

पुन्हा लावायचे तर कसले? पहिली गोष्ट, अठरा नकोत. तुमचा नकाशा बघितला. चार फाटे, एक टाकं, एक घसाऱ्याची जागा आणि पायथा, सात झाले. बाकीचे अकरा मळलेल्या वाटेवर ‘सरळ जा’ सांगतायत. सात फलकांची निगा बारा माणसं राखू शकतात, अठरांची नाही हे सिद्धच झालंय.

पायथ्याचा एक पत्र्याचा करा, तिथे माणसांची नजर असते. वरचे सहा दगडाचे. तीन फूट लांब, फूटभर रुंद, तीन इंच जाडीची काळ्या पाषाणाची फाडी, फूटभर जमिनीत. वजन साठेक किलो, चार माणसं बांबूला टांगून नेतात. अक्षरं पाथरवटाकडून अर्धा इंच खोल कोरून घ्या, आत पांढरा रंग. रंग दोन-तीन पावसाळ्यांत उडतो, अक्षर राहतं. म्हैस अंग घासो, वणवा येवो, मार्कर चालो, फरक पडत नाही. भंगारात किंमत शून्य. फाडी खाणीतली विकत घ्या. किल्ल्यावरचा पडलेला चिरा उचलून त्यावर बाण कोरणारे महाभाग मी पाहिलेत, आणि त्यांना ते संवर्धन वाटत होतं.

त्यावरून आठवलं, तटाला किंवा पायऱ्यांना ऑइल पेंटचे बाण मारू नका. तरुणपणी आम्ही मारले आहेत, हातात डबा आणि दोन इंची ब्रश घेऊन, मोठ्या अभिमानाने. नंतर पुरातत्त्वाच्या माणसांच्या देखरेखीखाली त्यातले काही काढताना हात दुखून आले. नायलॉनचा ब्रश, रंग मऊ करणारी जेल, पाणी, पुन्हा जेल. तारेचा ब्रश लावला की दगडावर चरे पडतात आणि लोखंडाचे कण अडकून पुढे गंजाचे डाग येतात. एक बाण मारायला अर्धं मिनिट लागलं होतं, काढायला अख्खी सकाळ गेली, आणि त्याची सावली अजून दिसते.

प्रत्येक फलकावर खाली कोपऱ्यात क्रमांक घाला, १ ते ७. चुकलेला माणूस फोनवर ‘मोठं झाड, डावीकडे खडक’ असं सांगतो, त्यापेक्षा ‘चार नंबरपाशी आहे’ म्हणाला तर गावातला पोरगा सरळ तिथे पोचतो. गटाचं नाव हवंच असेल तर पायथ्याच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला, बोटभर अक्षरात.

आत्ता लगेच मात्र एकच करा. येत्या रविवारी ११ क्रमांकाचा बाण उतरवून ठेवा, दुसरा लागेपर्यंत तो फाटा रिकामा राहिला तरी चालेल. काढताना नटावर तेल मारू नका, आहे तसा पिशवीत घालून माझ्याकडे आणा. कडांवर पान्याचे ताजे ओरखडे आहेत की आटा वाऱ्याने घासून गोल झालाय ते हातात घेतल्यावर कळेल, आणि मग गावात जाऊन कोणाशी बोलायचं ते ठरवता येईल.